गाडगे महाराज

गाडगे महाराज (मूळ नाव : डेबूजी झिंगराजी जाणोरकर, २३ फेब्रुवारी १८७६ – २० डिसेंबर १९५६) हे वऱ्हाडातील विरक्त कीर्तनकार, लोकशिक्षक आणि धर्मसुधारक होत. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणत. जन्म अमरावती जिल्ह्यातला, बालपण व तारुण्य अकोला जिल्ह्यातले आणि कार्यक्षेत्र अवघा महाराष्ट्र, असे त्यांच्या आयुष्याचे स्थूल स्वरूप आहे. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा व काठी आणि जवळ फुटक्या मडक्याचा तुकडा एवढीच त्यांची मालमत्ता असे. अशा या माणसाच्या शब्दावर पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. अन्नछत्रे, गोरक्षण संस्था, शाळा आणि वसतिगृहे निघाली. त्यांपैकी कोणत्याही वास्तूवर त्यांनी स्वतःचा किंवा कुटुंबाचा हक्क ठेवला नाही.

घराणे व बालपण

डेबूजींचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजातील कुटुंबात झाला. हे गाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. वडील झिंगराजी व आई सखूबाई. झिंगराजी कष्टाळू होते. परंतु दारूचे व्यसन जडले आणि त्यातच घरदार व प्रकृती दोन्ही गेली. डेबूजी आठ वर्षांचे असताना वडील वारले. त्या काळी त्या समाजात देवाला बोकड कापणे आणि सणासुदीला, बारशाला, बाराव्याला दारू पाजणे हा कुळाचार समजला जाई. पुढे गाडगेबाबांनी पशुबळी आणि दारू या दोन गोष्टींवर जन्मभर जो हल्ला चढवला, त्याचे मूळ या घरातच आहे. पुस्तक वाचून झालेले ते मतपरिवर्तन नव्हते.

पतीच्या निधनानंतर सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, दापुरे येथे आल्या. हे गाव अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यात आहे. मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजी गुरे राखू लागले. शाळेत जाण्याचा प्रश्नच आला नाही. गुराख्यांच्या मुलांना जमवून भजन करणे, गोठा झाडून लखलखीत ठेवणे, नांगर-वखराच्या कामात मोठ्यांच्या बरोबरीने उभे राहणे ही त्या वयातली त्यांची ख्याती. पूर्णा नदीच्या या खोऱ्यातील जमीन काळी, कपाशीची. परंतु अकोला-अमरावतीचा बराचसा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो आणि तेथे विहिरीचे पाणी मचूळ लागते. गोड पाण्यासाठी नदीवर जावे लागणाऱ्या मुलखात हा मुलगा वाढला. पाण्याची सोय, नदीचा काठ आणि उतारूंना सावली या गोष्टी पुढे त्याच्या धर्मकार्याच्या केंद्रस्थानी का आल्या, ते यावरून उमगते.

सावकारीचा अनुभव

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतर जमीन खातेदाराच्या नावे झाली आणि ती गहाण टाकता व विकता येऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले तेव्हा वऱ्हाडात पैसा खेळला. भाव उतरल्यावर कर्ज तेवढे उरले. दस्तऐवजावर अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याला त्या कागदात काय लिहिले आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता.

डेबूजींच्या मामांची जमीन अशीच कर्जात गेली. चरित्रकारांनी सांगितल्याप्रमाणे कर्जाची फेड होत असूनही कागदोपत्री ते वाढतच राहिले, त्या धसक्यात मामा वारले आणि सावकार जमिनीचा ताबा घ्यायला आला. तरुण डेबूजी तेव्हा काठी घेऊन शेतात उभे राहिले. ही हकिकत त्यांच्या चरित्रात नेहमी शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. तिचा खरा परिणाम मात्र निराळा होता. निरक्षर माणसाची लूट कशी होते हे त्यांना आतून कळले. पुढे हजारो कीर्तनांतून त्यांनी कर्ज काढून सण, लग्न वा तीर्थयात्रा करू नका आणि वाटेल ते करून मुलांना शिकवा, असे जे पुन्हा पुन्हा सांगितले, त्यामागे हा जप्तीचा कागद होता. घरातली भांडी विका, जुने लुगडे नेसा, भाकरी हातावर घेऊन खा, परंतु पोराला शाळेत घाला, असा त्यांच्या उपदेशाचा आशय असे.

डेबूजींचा विवाह १८९२ मध्ये कमालपूरच्या कुंताबाईंशी झाला. मुलीच्या, आलोकाच्या, बारशाला त्यांनी जातीच्या रूढीप्रमाणे मटण व दारू न देता गोडाचे जेवण घातले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. जातपंचायतीचा धाक असलेल्या काळात भावकीला कोरडे जेवू घालणे हा उघड बंडखोरपणा होता. सुधारणेचे हे त्यांचे पहिले जाहीर कृत्य म्हणता येईल आणि ते त्यांनी स्वतःच्या अंगणात केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गृहत्याग

१८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाला. त्यानंतरच्या काळात डेबूजींच्या जीवनात एक गूढ प्रसंग घडल्याचे चरित्रांत आढळते. दापुऱ्याच्या शिवारात एक अनोळखी साधू आला, डेबूजी त्याच्यामागे गेले, त्याच्या सहवासात त्यांनी स्मशानात रात्र काढली आणि तेव्हापासून त्यांचे मन संसारातून उठले, अशी ही कथा आहे. तो साधू कोण, कुठला, हे कोणालाही सांगता आलेले नाही.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजींनी घर सोडले. मागे आई, पत्नी व मुले होती. त्यानंतरची काही वर्षे ते अनवट वाटांनी भटकत राहिले. ज्या गावी जात तेथे कोणाच्या शेतात राब, कोणाची गाडी ढकल, कोणाचे अंगण झाड, असे काम आधी करीत आणि मग भाकरी मागत. कामाचा मोबदला म्हणून पैसे कधी घेत नसत. लोक वेडा समजून हाकलीत, मारीतही. शरीराचा अहंकार झिजवण्याची ही साधना होती असे भाविक मानतात. समाजाकडे तळातून पाहण्याची ती शाळा होती असे म्हणणेही तितकेच खरे ठरेल. पाहुणा म्हणून गेलेल्याला गाव जे दाखवत नाही, ते भिकाऱ्याला दिसते.

याच काळात त्यांची नावेही बदलत गेली. मातीच्या फुटक्या गाडग्याचा तुकडा ते जवळ बाळगीत. त्यातच जेवत, त्यातूनच पाणी पीत आणि उन्हात तोच डोक्यावर घालीत. त्यावरून गाडगेबुवा किंवा गाडगे महाराज हे नाव रूढ झाले. अंगावरच्या ठिगळांवरून कुठे चिंधेबुवा तर कुठे गोधडेबुवा म्हणत. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच असे त्यांचे रूप जुन्या वर्णनांत येते. या वेशात भोळेपणा जेवढा होता, तेवढीच योजनाही असावी. भगवी वस्त्रे पाहिली की लोक पाया पडतात आणि विचार करणे थांबवतात. चिंध्या पाहिल्यावर आधी हसतात, मग ऐकतात.

भिक्षा मागत हिंडणाऱ्या धर्मसुधारकांची परंपरा जगात इतरत्रही आढळते. इटलीतील असिसीचे संत फ्रान्सिस (मृत्यू १२२६) हे कापड व्यापाऱ्याचे पुत्र. त्यांनी अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांना परत केले आणि पडक्या चर्चची डागडुजी स्वतः दगड वाहून केली. सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी आपल्या कार्मेलाइट संघात साधेपणा परत आणण्यासाठी अनवाणी राहणाऱ्यांची शाखा वाढवली आणि त्यासाठी स्वतःच्याच संघबंधूंच्या हातून तोलेदो येथे तुरुंगवास सोसला. श्रम, दारिद्र्य आणि धर्मातील डामडौलाचा तिटकारा या बाबतींत गाडगेबाबा या मंडळींचे दूरचे नातलग वाटतात. मात्र फ्रान्सिस यांनी संघ स्थापला, त्याला नियम दिले. गाडगेबाबांनी पंथ काढला नाही, कोणाला दीक्षा दिली नाही. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपल्याला कोणी शिष्य नाही, असे ते स्पष्ट सांगत.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र आहे. येथे मुद्गलेश्वराचे देवस्थान असून पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. नदीचा उतार काळ्या चिकणमातीचा. स्नान करून वर येणारी म्हातारी माणसे आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया घसरून पडत. घर सोडून गेलेले डेबूजी काही काळाने या यात्रेत दिसले ते हातात फावडे-टोपले घेतलेले. मुरूम-माती टाकून त्यांनी उतारावर पायवाट बांधायला घेतली. लोक आधी बघत राहिले, मग एकेकाने टोपले उचलले. येथेच आई व पत्नी यांच्याशी त्यांची पुन्हा गाठ पडली, असे चरित्रकार सांगतात. परंतु ते घरी परतले नाहीत.

या ठिकाणी पुढे त्यांच्या प्रेरणेने पक्का घाट बांधला गेला. यात्रेच्या वेळी आंधळे, पांगळे आणि महारोगी यांना अन्न व वस्त्र वाटण्याचा प्रघातही त्यांनी येथेच सुरू केला. देवाचे नाव घेत नदीवर जाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांनी निवडलेले काम पाय घसरू नये एवढेच होते. त्यांच्या पुढच्या साऱ्या कार्याची रीत या घाटावर ठरली: आधी स्वतः हात घालायचा, लोक आले की वर्गणी उभी करायची, काम पुरे झाले की जबाबदारी पंचांवर सोपवून पुढच्या गावी निघायचे.

कीर्तन

गाडगेबाबांचे कीर्तन हे त्यांच्या कार्याचे मुख्य साधन होते आणि मराठी कीर्तनपरंपरेत त्याला स्वतंत्र स्थान आहे. नारदीय कीर्तनाप्रमाणे त्यात पूर्वरंग-उत्तररंग नसे, पौराणिक आख्यान नसे, बुक्का-हार-दक्षिणाही नसे. गावात आल्यावर बाबा पहाटेपासून खराटा घेऊन रस्ते, गटारे, उकिरडे साफ करू लागत. दुपारपर्यंत गावकरी लाजेने का होईना सामील होत. मग रात्री कीर्तन. दिवसभर झाडलेल्या जागेवरच लोक बसत आणि ज्या माणसाला त्यांनी सकाळी भंगी समजून टाळले होते, तोच समोर उभा राहून बोलू लागे. कीर्तनाचा निम्मा परिणाम तो सुरू होण्याआधीच साधलेला असे.

बोलणे ठेठ वऱ्हाडीत. श्रोत्यांना 'बापहो' अशी हाक. देवाच्या नावाचा गजर टाळ्यांच्या ठेक्यावर सगळ्यांकडून करवून घ्यायचा, तो ऐन रंगात आला की थांबवायचा आणि एक साधा प्रश्न टाकायचा, ही त्यांची पद्धत. नवस केल्याने मूल होते का? मग लग्न कशाला करता? सत्यनारायणाने बुडालेली बोट वर येते ना? मग समुद्रात बुडालेली जहाजे का काढत नाहीत? शेंदूर फासलेल्या दगडावर कुत्रे पाय वर करते, त्याला देव काही का करत नाही? अशा धाटणीचे प्रश्न ते विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. हजारोंचा समुदाय एका आवाजात 'नाही' किंवा 'हो' म्हणे आणि म्हणता म्हणता आपण काय कबूल केले हे त्यांच्या ध्यानात येई. उपदेशाला संवादाचे रूप देणारे हे कौशल्य कोणत्याही अध्यापनशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे.

तुकारामांचे अभंग आणि कबीराचे दोहे त्यांना मुखोद्गत होते; तुकोबांना ते फार मानीत. स्वतः निरक्षर असल्याचे लपवण्याऐवजी ते त्याचाच दाखला देत. दारू, पशुबळी, हुंडा, कर्ज, अस्पृश्यता, चमत्कार, बुवाबाजी आणि घाण हे त्यांचे ठरलेले विषय. कीर्तन संपता संपता ते गर्दीतून निसटत, कारण पाया पडणाऱ्यांचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. कोणी वाकलाच तर काठीचा प्रसादही मिळे.

त्यांच्या देवाविषयीच्या भूमिकेवरून मतभेद आहेत. काही अभ्यासक त्यांना सत्यशोधक विचारांचे बुद्धिवादी मानतात, तर भाविक त्यांना वारकरी संत म्हणतात. पुरावा दोन्हीकडे आहे. जन्मभर हरिनामाचा गजर करणाऱ्या माणसाला नास्तिक ठरवणे ओढाताणीचे होईल. तसेच ज्याने पंढरीत देवळाच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा वाळवंट झाडणे पसंत केले, त्याला रूढ अर्थाने भाविक म्हणणेही अवघड आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध अशा क्रमाने त्यांचा जो दशसूत्री संदेश प्रसिद्ध आहे, त्यात देवपूजेचा वेगळा उल्लेख येत नाही; हाच रोकडा धर्म व हीच देवपूजा, असे त्याचे तात्पर्य आहे.

वऱ्हाडातील समकालीनांशी तुलना केली तर हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) हे तत्त्वचिंतक व मधुराद्वैताचे प्रवर्तक. शेगावचे गजानन महाराज (समाधी १९१०) हे अवलिया सिद्धपुरुष. तुकडोजी महाराज (१९०९–६८) हे खंजिरी भजनाचे लोककवी आणि ग्रामगीतेचे कर्ते. गाडगेबाबांकडे ग्रंथ नाही, सिद्धी नाही आणि स्वतःची काव्यरचनाही नाही. स्मशानातल्या त्या रात्रीचे भांडवलही त्यांनी कधी केले नाही. तुकडोजी महाराजांशी त्यांचा अखेरपर्यंत जिव्हाळा होता.

धर्मशाळा व संस्था

पंढरपूरला आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी येत. परंतु अस्पृश्य मानलेल्या जातींच्या यात्रेकरूंना कोणत्याही धर्मशाळेत जागा नव्हती. पावसात, चिखलात, नदीच्या वाळवंटात ते रात्र काढीत. विठ्ठलाचे मंदिर त्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर. त्याच्या सुमारे तीस वर्षे आधी, १९१७ च्या सुमारास, गाडगेबाबांनी पंढरपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधण्याचे काम हाती घेतले. मंदिराच्या पायरीशी अडवलेल्या संताचे नाव त्या इमारतीला देण्यात जे औचित्य आहे, ते वेगळे सांगायला नको. पुढे ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. गोरगरिबांच्या पोरांना शिकवणारा माणूस म्हणून आंबेडकरांविषयी त्यांना अपार आदर होता आणि आंबेडकरही त्यांना फार मानीत.

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे त्यांचे दुसरे मोठे केंद्र. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील हे स्थानक यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाड्यांचे जंक्शन होते. गाडी बदलण्यासाठी उतारूंना येथे तिष्ठत बसावे लागे. बाबांच्या प्रेरणेने येथे धर्मशाळा व गोरक्षण संस्था निघाली, पुढे विद्यालय आले. भाकड झालेली गुरे कसायाला न विकता सांभाळावीत, हा गोरक्षणामागचा हेतू होता. लहानपणी गुरे राखलेल्या माणसाला त्यात धर्माइतकीच माया असावी.

नाशिक, आळंदी, देहू येथील धर्मशाळा आणि सदावर्ते यांची कथा याच धर्तीची आहे. मुंबईतील जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा मात्र वेगळ्या गरजेतून झाली. खेड्यातून रोगी घेऊन आलेली माणसे रुग्णालयाबाहेर पदपथावर झोपत, तेथेच चूल मांडत. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये ही वास्तू सुरू झाली. तीर्थक्षेत्रातील धर्मशाळेची जुनी कल्पना त्यांनी रुग्णालयाच्या दाराशी आणून ठेवली. त्यांच्या पश्चात दादर येथे कर्करोगाच्या रुग्णांसाठी व नातेवाइकांसाठी झालेली धर्मशाळा याच विचाराचा विस्तार आहे.

या सर्व संस्थांची व्यवस्था पाहण्यासाठी १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. मिशनने पुढे आदिवासी व भटक्या समाजांच्या मुलांसाठी आश्रमशाळा चालवल्या. शिक्षणाच्या क्षेत्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशी त्यांचे विशेष सख्य होते. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

पैशाच्या बाबतीत त्यांचा काटेकोरपणा विलक्षण होता. देणगी ते स्वतःच्या हाती घेत नसत, पंचांकडे देववीत. विश्वस्तपत्रांत आपल्या नातेवाइकांचा संस्थेवर काहीही अधिकार राहणार नाही, अशी तरतूद त्यांनी करून ठेवली. कुंताबाईंनी संस्थेच्या पक्क्या इमारतीत नव्हे, तर बाहेर साध्या झोपडीत दिवस काढले, असे चरित्रकार नोंदवतात. हजारोंसाठी निवारा उभारणाऱ्याच्या पत्नीच्या वाट्याला झोपडी यावी, हे वाचकाला आजही अस्वस्थ करते. त्यागाची कीर्ती नवऱ्याला मिळाली आणि त्याची किंमत बऱ्याच अंशी कुंताबाई व सखूबाईंनी चुकवली. गौरवपर लेखनात या दोघींना जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळालेली नाही.

१९२३ मध्ये एकुलता मुलगा गोविंद मरण पावला. ही वार्ता आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनास उभे होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. या प्रसंगाला कोणी स्थितप्रज्ञता म्हणतात. ऐकायला जमलेल्या माणसांचा दिवस वाया जाऊ नये, ही गुराख्याची व्यवहारबुद्धीही त्यात असू शकेल.

अखेरचे दिवस

१९५६ साली बाबांची प्रकृती ढासळली. मधुमेहासारख्या विकारांनी शरीर पोखरले होते. तरीही त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर त्यांनी कीर्तन केले. ते ध्वनिमुद्रित झाले असून त्यांच्या आवाजाची व शैलीची प्रत्यक्ष साक्ष म्हणून ते मोलाचे आहे. छापील कीर्तनात न सापडणारी एक गोष्ट त्यात ऐकू येते, ती म्हणजे श्रोत्यांचे हसणे आणि लगोलग पसरणारी शांतता.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावती येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथील समाधिस्थानाचा परिसर आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

चरित्रे व स्मृती

गाडगेबाबांनी स्वतः काही लिहिले नाही, त्यामुळे त्यांच्याविषयीची माहिती इतरांच्या लेखनातून घ्यावी लागते. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले चरित्र १९५२ मध्ये, म्हणजे बाबांच्या हयातीतच प्रसिद्ध झाले आणि पुढील बहुतेक लेखन त्याच्या आधारावर उभे आहे. प्रबोधनकार स्वतः बंडखोर सुधारक असल्याने त्यांच्या चरित्रातले बाबा रूढींवर कोरडे ओढणारे आहेत. गो. नी. दांडेकर यांनी तरुणपणी बाबांचा सहवास अनुभवला होता. त्यांच्या लेखनात भक्तीचा ओलावा अधिक आढळतो. दोन्ही चरित्रे शेजारी ठेवून वाचणे विद्यार्थ्यांना उपयोगी ठरेल. राजदत्त दिग्दर्शित 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी बाबांची भूमिका केली.

महाराष्ट्र शासनाने २०००–०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. भारतीय टपाल खात्याने १९९८ मध्ये तिकीट काढले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये संत गाडगेबाबा यांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या नावाची पदवी वऱ्हाडातील विद्यार्थी घेतात.

शासकीय अभियानामुळे गाडगेबाबा म्हणजे खराटा असे समीकरण नव्या पिढीच्या मनात बसले आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. सावकारी, जातिभेद आणि देवाच्या नावाने चालणारा व्यापार यांवरील त्यांची टीका खराट्याच्या मानाने अडचणीची असल्यामुळे ती पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून हळूहळू मागे पडली. पायाला हात लावू न देणाऱ्या या माणसाचे पुतळे गावोगावी उभे राहिले असून पुण्यतिथीला त्यांना हार घातले जातात. ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. यात्रेकरू घाटाच्या पायऱ्या उतरून पूर्णेत स्नान करतात.